पडद्यावर घोडा दिसतो, भाव दिसत नाही

प्रश्न एका पटकथालेखकाचा आहे. ब्रिटनमधल्या घोड्यांच्या शर्यतींवर तो मालिका लिहितोय. टीव्हीवर आजवर दिसलेला बुकी कितपत खरा, हे त्याला जाणून घ्यायचंय. शिवाय शेवटच्या भागात नायक ५०-१ भावाच्या घोड्यावर होतं नव्हतं ते सगळं लावतो, घोडा जिंकतो आणि बुकीचा चेहरा पांढराफटक पडतो, हे पटण्यासारखं आहे का, असंही त्यानं विचारलंय. मी बरीच वर्षं बुकमेकरांसाठी शर्यतींचे भाव काढण्याचं काम केलंय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी तो ५०-१चा प्रसंग. नाही, पटणार नाही. ५०-१ म्हणजे एक पौंड लावला तर पन्नास पौंड नफा. एवढा भाव घोड्याला मिळतो कारण त्याला कुणी विचारत नसतं. असा घोडा जिंकला की बुकीच्या पेटीतून जवळजवळ काहीच बाहेर जात नाही आणि बाकी सगळ्या घोड्यांवर लागलेले पैसे आत राहतात. त्या संध्याकाळी बुकी सगळ्यांना पाजतो. त्याचा चेहरा उतरतो तो फेव्हरिट जिंकल्यावर, कारण अर्धं मैदान त्याच्यावर खेळलेलं असतं. १९६७च्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीत तेविसाव्या अडथळ्याशी घोडे एकमेकांवर आदळून जो गोंधळ झाला, त्यातून फॉइनाव्हन नावाचा घोडा केवळ मागे पडलेला होता म्हणून वाट काढून पुढे गेला आणि जिंकला. बुकींचा भाव होता १००-१. टोटनं मात्र ४४४-१च्या दरानं पैसे दिले. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात आणि वजावट करून जिंकणाऱ्यांत वाटले जातात. तेव्हा त्या घोड्यावर किती थोडे पैसे लागले होते, ते या आकड्यावरूनच कळतं. बुकींनी त्या दिवशी काय गमावलं असेल?

आणि दुसरी अडचण अशी, की तुमच्या नायकाला ‘सगळं’ ५०-१नं लावताच येणार नाही. कुणी अनोळखी माणूस पडेल घोड्यावर नोटांची थप्पी घेऊन आला, तर बुकी थोडीशी रक्कम त्या भावानं घेईल, लगेच फळ्यावरचा भाव निम्म्यावर आणेल आणि घेतलेल्यातला काही भाग शेजारच्या बुकीकडे स्वतःच लावून येईल. शेजारचाही मूर्ख नसतो. पाच मिनिटांत तो घोडा सगळ्या रांगेत १६-१ झालेला असेल. हे दाखवलंत तर प्रसंगात खरी गंमत येईल.

टीव्हीची चूक इथेच सुरू होते. शर्यतीवर पैसे लावणं म्हणजे कोण जिंकणार ते ओळखणं, असं मालिकावाल्यांना वाटतं. आमच्या धंद्यात कोण जिंकणार हा दुय्यम प्रश्न आहे. मुख्य प्रश्न भावाचा. कॅमेऱ्याला घोडा टिपता येतो, जॉकीच्या डोळ्यांतली चमक टिपता येते. पण २-१चा घोडा ३-१ झाला म्हणजे नक्की काय झालं, हे दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. म्हणून तो धावण्याची दोन मिनिटं दाखवतो आणि आधीची वीस मिनिटं कापून टाकतो. आमचं सगळं काम त्या वीस मिनिटांत होतं.

हिशोब एकदा बघा, अवघड नाही. सहा घोडे आहेत. भाव आहेत २-१, ३-१, ४-१, ६-१, ९-१ आणि ११-१. २-१ म्हणजे तिनातली एक संधी, ३३.३ टक्के. ३-१ म्हणजे २५ टक्के, ४-१ म्हणजे २०, ६-१ म्हणजे १४.३, ९-१ म्हणजे १० आणि ११-१ म्हणजे ८.३. बेरीज होते सुमारे १११. शर्यत एकच घोडा जिंकणार, म्हणजे खऱ्या शक्यतांची बेरीज १००च असायला हवी. वरचे ११ हा बुकीचा श्वास. या प्रमाणात पैसे आले तर कुणीही जिंको, १११ घ्यायचे आणि १०० द्यायचे. प्रत्यक्षात या प्रमाणात पैसे कधीच येत नाहीत. दोन-तीन घोड्यांवर गर्दी होते, बाकीचे कोरडे राहतात. मग गर्दीच्या घोड्याचा भाव खाली, कोरड्यांचा वर, सारखं वरखाली. फळ्यावर खडू चालायचा त्याचं कारण हे. ‘बुकी नेहमी जिंकतो’ हे जे संवादांत वारंवार येतं, ते वर्षाच्या हिशोबात बऱ्यापैकी खरं आहे. एका शर्यतीत मात्र तो सणकून हरू शकतो.

आता बुकी म्हणजे गुंड, हे समीकरण. अलीकडे ते पक्कं केलं बीबीसीच्या ‘पीकी ब्लाइंडर्स’नं (२०१३ ते २०२२). मालिका सुरू होते १९१९च्या बर्मिंगहॅममध्ये. तिच्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. मालिकेचा नायक टॉमी शेल्बी हा मोनाघन बॉय नावाच्या घोड्यावर मंतरल्याचं नाटक करतो, वस्तीतली माणसं त्या घोड्यावर खेळू लागतात, आणि बेत असा की घोडा दोनदा जिंकेल, तिसऱ्यांदा सगळं शहर त्याच्यावर लावेल तेव्हा हरेल. बुकीचा फायदा लाडका घोडा हरण्यात असतो, ही समज लिहिणाऱ्यांकडे होती. रस्त्यावरचा धंदा बेकायदा होता, हेही बरोबर आहे. १९०६च्या कायद्यानं रस्त्यावर पैसे लावायला बंदी घातली होती. मैदानात जाऊन रोखीत लावणं चालायचं, आणि ज्याचं खातं असेल त्यानं उधारीवर लावलेलंही चालायचं. थोडक्यात, श्रीमंताचा शौक कायदेशीर आणि कामगाराचा गुन्हा. मालिकांमध्ये हा वर्गभेद क्वचितच येतो.

पण मैदानावरचा खरा बुकी तेव्हा गुंड कमी आणि गुंडांचं गिऱ्हाईक जास्त होता. मालिकेत येणारा बिली किंबर हा खराच माणूस, बर्मिंगहॅमच्या टोळीचा म्होरक्या. या टोळ्या बुकींकडून जागेचे पैसे घ्यायच्या, आणि वर ‘सेवा’ विकायच्या: फळ्यावर लिहायला खडू, पुसायला स्पंज, बादलीभर पाणी, धावणाऱ्या घोड्यांची छापील यादी. दोन दमड्यांच्या वस्तूंना भरमसाट दर. घेतलं नाही तर फळा मोडायचा, किंवा हात. दक्षिणेत सबिनींची टोळी हाच धंदा करायची. जून १९२१मध्ये एप्समच्या रस्त्यावर किंबरच्या माणसांनी शत्रू समजून भलत्याच, लीड्सहून आलेल्या बुकींना झोडपलं. त्याच वर्षी बुकींनी स्वतःच्या संरक्षणासाठी संघटना काढली. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला तिनं राखणीला नेमलेल्यांत टोळ्यांचीच माणसं होती. हा एवढा मसाला समोर असताना मालिका बुकीच्याच हातात वस्तरा देते. (मालिकेत किंबर १९१९मध्येच गोळी लागून मरतो. खरा किंबर १९४५पर्यंत जगला.)

तुमच्या पटकथेला कामाचा एक तपशील देतो. बेकायदा काळात गल्लीतला माणूस पैजांच्या चिठ्ठ्या गोळा करायचा, त्याच्याकडे घड्याळ बसवलेली कुलपाची पिशवी असायची. पिशवी बंद केली की वेळ नोंदली जायची. म्हणजे शर्यत सुटल्यावर निकाल कळून कुणी चिठ्ठी आत सरकवलेली नाही, याचा पुरावा. पडद्यावर मी अशी पिशवी पाहिलेली नाही. एका पिशवीवर अख्खा भाग उभा राहील.

टीव्हीला सगळ्यात जास्त प्रिय आहे तो ‘डाव’, म्हणजे बुकींना गंडवून मोठी रक्कम उचलण्याची गोष्ट. यातली सर्वांत गाजलेली आयर्लंडची. जून १९७५, बेलूस्टाउनचं छोटंसं मैदान, बार्नी कर्ली नावाच्या जुगाऱ्याचा यलो सॅम हा घोडा. देशभर त्याची माणसं पैजा घेणाऱ्या दुकानादुकानांत थोडेथोडे पैसे लावत होती, आणि मैदानाजवळच्या एकमेव सार्वजनिक फोनमध्ये त्याचा एक दणकट साथीदार मरणपंथाला लागलेल्या मावशीशी बोलत असल्याचं सोंग करत उभा होता. मागे रांग लागलेली, सगळे हळहळतायत. घोडा २०-१नं जिंकला, तीन लाख पौंडांहून जास्त वसूल झाले. ही गोष्ट सांगताना टीव्ही त्या फोनवरच्या मावशीवर खूश होतो आणि फोन अडवायचा कशासाठी, हेच सांगायचं विसरतो. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी खबर लपवायची असेल.

खबर नव्हे, पैसे अडवायचे होते. तेव्हा दुकानात लावलेल्या बहुतेक पैजांचा हिशोब ‘स्टार्टिंग प्राइस’नं व्हायचा, म्हणजे शर्यत सुटताना मैदानातल्या बुकींच्या फळ्यांवर जो भाव असेल त्यानं. दुकानवाल्यांच्या लक्षात आलं की एका घोड्यावर संशयास्पद पैसे येतायत, तर ते मैदानावरच्या आपल्या माणसाला फोन करायचे: जा, तिथे त्याच घोड्यावर लाव. मैदानात पैसे पडले की फळ्यावरचा भाव कोसळतो, २०-१चा ३-१ होतो, आणि देशभरातली देणी एका झटक्यात आटतात. फोन बंद असेल तर मैदानाला पत्ताच लागत नाही, भाव जागच्या जागी राहतो.

हीच यंत्रणा उलट्या बाजूनं बघायची असेल तर २८ सप्टेंबर १९९६चा ॲस्कटच्या मैदानावरचा दिवस घ्या. फ्रँकी डेटोरी हा जॉकी त्या दिवशी सातच्या सात शर्यती जिंकला. टीव्हीवर ही गोष्ट दरवेळी जॉकीच्या पराक्रमाची म्हणून येते आणि ती तशी आहेच. पण आमच्या दृष्टीनं खरा थरार सातव्या शर्यतीच्या आधी, फळ्यावर होता. डेटोरीच्या सगळ्या घोड्यांची साखळी लावणारे हजारो लोक देशभरात होते. साखळी म्हणजे पहिल्या घोड्याचे जिंकलेले पैसे दुसऱ्यावर, ते तिसऱ्यावर, असं पुढे. सहा शर्यतींनंतर बुकमेकरांच्या मोठ्या कंपन्यांना कळलं की सातवा फुजियामा क्रेस्ट आला तर आपण मेलो. त्यांच्या माणसांनी मैदानात त्या घोड्यावर पैशांचा पाऊस पाडला. सकाळी १२-१ असलेला घोडा सुटताना २-१ झाला.

या घसरणीची किंमत काढून बघा. त्या दिवशीचे सुटतानाचे भाव होते २-१, १२-१, १००-३०, ७-१, ७-४, ५-४ आणि शेवटचा २-१ (७-४ म्हणजे चार पौंडांवर सात पौंड नफा). मुद्दल धरून गुणाकार केला की एका पौंडाचे पंचवीस हजारांहून थोडे जास्त होतात. शेवटचा भाव १२-१च राहिला असता तर एका पौंडाचे १ लाख ८ हजार झाले असते. म्हणजे घोडा जिंकूनही, कंपन्यांनी फळा हलवून स्टार्टिंग प्राइसवर लावलेल्या साखळ्यांचं देणं चौथाईच्याही खाली आणलं. तरी कोट्यवधी पौंड गेले ते गेलेच.

त्याच फळ्यांपुढे गॅरी विल्टशर हा बुकी उभा होता. त्याला दिसत होतं की हा भाव घोड्यामुळे घटलेला नाही, कंपन्यांच्या भीतीमुळे घटलाय. घोड्याची लायकी १२-१ची आणि लोक २-१नं मागतायत. तो घेत गेला, घेत गेला. घोडा जिंकला आणि विल्टशर दहा लाख पौंडांच्या पुढे बुडाला. टीव्हीवर ही गोष्ट हावरट बुकीला मिळालेल्या शिक्षेसारखी सांगितली जाते. मला ते अजिबात मान्य नाही. सकाळचा भाव खरा मानला तर त्या घोड्याची संधी तेरातली एक. २-१नं शंभर पौंड घेतले तर तेरातल्या बारा वेळा शंभर खिशात, एकदा दोनशे जातात. सरासरी दर शंभरामागे पंचाहत्तरच्या वर नफा. असा सौदा बुकीला आयुष्यात क्वचित मिळतो. भाव त्यानं बरोबर ओळखला होता. चुकली ती रक्कम: कितीही चांगला सौदा असला तरी एका शर्यतीत घर पणाला लावायचं नसतं. बरोबर असूनही बुडालेला माणूस टीव्हीला पेलत नाही, कारण निकालानंच माणूस शहाणा की मूर्ख ठरवायची त्याला सवय आहे.

डावांचा दुसरा प्रकार म्हणजे घोडा बदलणं. पटकथेत असा घोडा शेवटच्या क्षणी मानेच्या अंतरानं जिंकतो. वास्तवात हे लोक पकडले जातात ते घोडा फारच जिंकला म्हणून. १९८२च्या मार्चमध्ये लेस्टरला फ्लॉक्टन ग्रे नावाचा दोन वर्षांचा घोडा पहिल्याच शर्यतीत वीस लांबीनं, म्हणजे वीस घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतरानं, जिंकला. प्रत्यक्षात धावला होता गुड हँड नावाचा तीन वर्षांचा घोडा, आणि बिंग फोडलं दातांनी, कारण घोड्याचं वय दातांवरून कळतं. १९७४मध्ये कार्टमेलला गे फ्यूचरनं पंधरा लांबीचं अंतर काढलं. त्या डावाची बांधणी मात्र अप्रतिम होती. घोड्याच्या पायांना साबणाचा चुरा चोळून तो घामाघूम आणि बिथरलेला वाटेल असं केलं, म्हणजे मैदानात कुणी त्याला विचारू नये. आणि लंडनच्या दुकानांत तो एकटा लावलाच नाही. त्याच तबेल्याच्या दुसऱ्या मैदानांवरच्या दोन घोड्यांशी जोडी करून लावला. ते दोन घोडे धावलेच नाहीत. जोडीतला एक धावला नाही तर नियमानं सगळे पैसे उरलेल्या एकावर जातात. दुकानदाराला वाटलं फालतू जोड्या आहेत, आणि हातात आला गे फ्यूचरवरचा सरळ मोठा डाव. त्यावर १९७९मध्ये ब्रिटिश टीव्हीनं चित्रपटही केला. सूत्रधारांना न्यायालयानं कटाबद्दल दोषी ठरवून दंड केला, पण धंद्यातल्या कित्येकांना आजही ती शिक्षा अन्यायाची वाटते.

मालिकांपेक्षा थेट प्रक्षेपणानं बुकीचं चित्र जास्त घडवलं. चॅनल फोरनं १९८४पासून शर्यती दाखवायला सुरुवात केली आणि जॉन मॅक्रिरिक हा माणूस, मोठ्या गलमिशा, शिकारी टोपी, हातांची अखंड फेकाफेक, थेट बुकींच्या गर्दीतून बोलू लागला. पांढरे हातमोजे घालून खुणांनी भाव कळवणारे ‘टिक-टॅक’वाले त्याच्यामुळे घरोघरी माहीत झाले: दोन्ही हात डोक्यावर म्हणजे ९-४, हात मनगटाला लावला की ५-४. लोकांना तो विदूषक वाटायचा, पण भाव हलतोय आणि का हलतोय, हे टीव्हीवर दाखवणारा दुसरा कुणी मला आठवत नाही. मोबाइल आणि संगणक आले, हातमोजेवाले गेले.

आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीची ‘आयटीव्ही सेव्हन’ ही कल्पना त्याआधीची: शनिवारी दुपारी सात शर्यती दाखवायच्या आणि प्रेक्षकांनी सातही विजेत्यांची साखळी लावायची. बघायला मजा. पण मघाचे १११ आठवा. एका शर्यतीत बुकीचा श्वास ११ टक्के. साखळीत तो गुणत जातो. सात वेळा १.११ने गुणलं तर दोनच्या पुढे जातं, म्हणजे रास्त परताव्याच्या निम्म्याहूनही कमी पंटरला, म्हणजे पैसे लावणाऱ्याला, मिळतो. ॲस्कटसारखा दिवस पिढीतून एकदा येतो, बाकीचे शनिवार बुकीचे.

दुकान उभं करणार असाल तर वर्ष नीट बघा. ब्रिटनमध्ये पैजांची दुकानं १ मे १९६१ला कायदेशीर झाली, पण तिथे कुणी रेंगाळू नये म्हणून ती मुद्दाम रुक्ष ठेवलेली. १९८६पर्यंत तिथे टीव्ही ठेवायला परवानगी नव्हती. शर्यतीचं वर्णन भोंग्यावरून ऐकायचं. सत्तरच्या दशकातल्या दुकानात भिंतीवर टीव्ही दाखवलात तर जाणकार तिथेच मालिका बंद करेल. तसंच २००१पर्यंत दुकानातल्या पैजेवर कर होता. नव्वदच्या दशकात साधारण ९ टक्के कापले जायचे, आणि चिठ्ठी देतानाच लावलेल्या रकमेवर भरायचा की जिंकल्यावर, हे पंटरला ठरवावं लागायचं. जिंकण्याची खात्री असलेला आधी भरायचा. पात्राचा आत्मविश्वास दाखवायला यापेक्षा स्वस्त युक्ती नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळी, तिथल्या मैदानावर बुकीच नसतो, सगळा खेळ गल्ल्याचा. एचबीओच्या ‘लक’ मालिकेत चार कफल्लक मित्र पैसे एकत्र करून सलग सहा शर्यतींचं तिकीट भरतात. कोणत्या शर्यतीत किती घोडे घ्यायचे, खर्च कुठे वाढतो, यावरची त्यांची कुजबुज मी पडद्यावर पाहिलेली सर्वांत खरी. चित्रीकरणात तीन घोडे दगावले आणि मार्च २०१२मध्ये मालिका बंद पडली.

आजच्या काळात मालिका घडवायची असेल, तर बुकी शोधूच नका. सप्टेंबर २००७पासून ब्रिटिश टीव्हीवर बुकमेकरांना मोकळेपणानं जाहिरात करता येऊ लागली आणि फळा, पेटी, माणूस सगळं जाऊन उरला फोन आणि हसणारी मित्रमंडळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये उद्योगानं स्वतःहून सामन्यांच्या वेळी रात्री नऊच्या आधी जाहिराती थांबवल्या, त्यातून घोड्यांच्या शर्यती वगळल्या. शर्यतींच्या प्रक्षेपणाचा खर्च कोणाच्या पैशावर चालतो, ते त्यावरून कळेल.

आणि जिंकणाऱ्याचं आता काय होतं, ते कुणी दाखवत नाही. मालिकेत बुकी त्याच्यामागे गुंड लावतो. प्रत्यक्षात संगणक त्याचं खातं पाहतो. तो जिंकला की हरला याला फारशी किंमत नसते. त्यानं ८-१नं घेतलेला घोडा सुटताना ५-१ झाला, असं पुन्हापुन्हा घडतंय का, एवढंच तपासलं जातं. घडत असेल तर एक अत्यंत सभ्य ईमेल येतं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला दोन पौंडांच्या वर लावता येत नाही. हरणाऱ्याला मात्र फुकटच्या पैजा भेट मिळत राहतात. मग असा माणूस मेव्हण्याच्या नावानं खातं काढतो, शेजारणीच्या नावानं काढतो, तीही महिन्याभरात बंद होतात. त्या खात्यांतले पैसे नक्की कुणाचे, यावरून घरात वाद पेटतात. तुमचा नायक ५०-१च्या घोड्याऐवजी इथे अडकवा.